धक्क्यावरची खानावळ आणि भरतीची चिठ्ठी

आये, आज तुझ्या पणतीनं मला जाहिरात लिहायला बसवलं. अलिबागच्या अलीकडं नारळाच्या वाडीत तिनं दोन खोल्या बांधल्यात, मुंबईची माणसं शनिवार-रविवारी येऊन राहतील म्हणून. म्हणाली, "आजी, तू जन्मभर शाळेत मराठी शिकवलंस ना, मग दोन ओळी लिहून दे. छान छान शब्द घाल." मी विचारलं, छान छान म्हणजे कसे ग? तर म्हणते, "निसर्गरम्य, घरगुती, अविस्मरणीय, असलं काहीतरी." मला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पोरगी फुरंगटून बसली. तिला कसं सांगू, की असलेच शब्द मी सोळाव्या वर्षी तुला वाचून दाखवले होते आणि तू माझी कशी खरडपट्टी काढली होतीस! उद्या देते म्हणाले आणि आत आले, आणि तिचं लिहायचं सोडून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. आणि आता तर तू नाहीसच. तरी बरं वाटतंय बघ, तुझ्यापुढं कागद धरून बसायला. तेव्हाही मी लिहायची आणि तू भाकऱ्या थापता थापता ऐकायचीस, आणि "व्हय" म्हणालीस तरच तो कागद घराबाहेर जायचा.

आपली खानावळ मला अजून डोळे मिटले की दिसते. खानावळ म्हणायची आपली, होती ती माडाच्या झापांची खोपटी. पुढं दोन बाकडी, आत दोन चुली, आणि मागं खाडी. एका चुलीवर चहाचं भगुलं, दुसरीवर तवा. तू तव्यापुढं बसलेली, कपाळावरचा घाम कोपरानं पुसतेस, आणि मी परातीत तांदळाची उकड मळतेय. उकड ऊन ऊन असतानाच मळायची, नाहीतर भाकरी दुसऱ्या दिवशी वातड होते, हे तू मला हात भाजवून शिकवलंस. वालाचं बिरडं एका बाजूला रटरटतंय. बाहेर धक्क्यावर माणसं बसलीत, कुणी गाठोड्यावर, कुणी चपलांवर, आणि सगळ्यांचे डोळे पाण्याकडं. कारण ओहोटी लागलीय. पाणी आत ओढलं गेलं की खाडीत नुसता चिखल उरायचा आणि तर, म्हणजे माणसं पलीकडं नेणारी होडी, काठाला लागायचीच नाही. पलीकडच्या काठावर अलिबागला जाणारी एस.टी. उभी असायची, दिसायची, आणि इकडची माणसं तिच्याकडं बघत बसायची. पाणी भरेपर्यंत करायचं काय? पोटात कावळे ओरडायला लागले की एकेक उठून आपल्याकडं यायचा. खरं सांगायचं तर आपण ओहोटीवर जगत होतो.

बाबा गेले तेव्हा स्वातंत्र्याला एखादं वर्ष झालं असेल. तू चार वर्षं काकाच्या घरात राहिलीस. वरच्या गावात, भाताच्या खाचरांत, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. काका वाईट नव्हता, हे तूच सांगायचीस. पण त्या घरात तुला कुणी "जेवलीस का" असं विचारत नसे, आणि तू आजारी पडलीस तर "आज गुरांचं कोण बघणार" एवढंच विचारत. मग एक दिवस तू माझा हात धरलास, तवा कापडात गुंडाळलास आणि धक्क्यावर आलीस. तर चालवणारा तांडेल बाबांच्या ओळखीचा, त्यानं झाप दिले. पहिल्या दिवशी नुसता चहा होता. त्या दिवशी तू मला म्हणालीस, "पोरी, उपाशी मरीन, पन दिराच्या दारात परत जानार न्हाय." तू असलं काही दोनदा बोलायची नाहीस. एकदा बोललीस, ते पुरलं.

आणि मग ते हॉटेल आलं. मुंबईच्या हॉटेलात काम करून परत आलेला एक माणूस, धक्क्याच्या अगदी तोंडाशी त्यानं पत्र्याची शेड घातली. टेबलं, खुर्च्या, आरसा, आणि वर रंगवलेला भला मोठा बोर्ड. त्याच्याकडं पाव मिळायचा, बटाटेवडा मिळायचा, आणि गाणी वाजायची. आपली खोपटी त्याच्या मागं झाकली गेली. येणारा-जाणारा आधी तिथंच अडकायचा. तुझ्या भाकऱ्या उरायला लागल्या. उरलेल्या भाकऱ्या आपण दोघी दोन्ही वेळा खायचो आणि तू म्हणायचीस, "काय चांगली झालीय ग आज," आणि मला त्या भाकरीचा रागच यायचा.

मी सातवी पास झालेली, अंगात शहाणपण मावत नव्हतं. म्हटलं, त्यानं बोर्ड लावला तर आपणही लावू. खोक्याच्या फळीवर लिहायला मी मजकूर तयार केला आणि तुला मोठ्यानं वाचून दाखवला: "या! प्रवासी बंधुभगिनींनो, या! सुग्रास, रुचकर व आरोग्यदायी भोजनाचा लाभ घेण्यासाठी आमच्या खानावळीस एकवार अवश्य भेट द्या!" तू भाकरी उलटलीस. म्हणालीस, "सुग्रास म्हंजे काय ग?" मी म्हटलं, चांगलं जेवण. "मंग आपल्याकडं सुग्रास कवा केला व्हता? आपल्याकडं बिरडा हाय, सुकट हाय." मी चिडले. म्हटलं, आये, जाहिरात अशीच लिहितात. तशी तू तवा बाजूला ठेवलास आणि माझ्याकडं वळलीस. "हे कोनाला सांगतेस? धक्क्यावर बसलाय त्याला? त्याला नाक हाय, वास येतोय. आनि जो घरी बसलाय, त्याला हे वाचून काय मिळनार? तुला गिऱ्हाईक पायजे, ते तू लिवलंस. त्याला काय पायजे ते लिव की! आपलं रडगानं दुसऱ्याच्या दारात कशाला?" मी ती फळी चुलीत घातली. रागानं घातली हो, पटलं म्हणून नाही.

पटलं खूप पुढं. मी मास्तरीण झाल्यावर आमच्या शाळेत एक गुरुजी होते, त्यांनी नारळी-सुपारीच्या वाडीवर पुस्तक लिहिलं होतं. स्वतःच्या पदरचे पैसे घालून छापलं आणि गठ्ठे खाटेखाली ठेवून बसले. भेटेल त्याला म्हणायचे, "अमूल्य ग्रंथ आहे, संग्रही ठेवा." लोक नमस्कार करून सटकायचे. मी त्यांना तुझंच वाक्य ऐकवलं. म्हटलं, गुरुजी, जिल्ह्याच्या साप्ताहिकात दर महिन्याला चार ओळी द्या, या महिन्यात माडाच्या मुळाशी काय घालावं, सुपारीला बुरशी कशी ओळखावी. फुकट द्या. खाली फक्त तुमचं नाव आणि पुस्तकाचं. ते भडकले. म्हणाले, "फुकट सांगितल्यावर पुस्तक कोण घेईल?" पण बायकोनं खाटेखालचे गठ्ठे हलवायचा धोशा लावला होता, म्हणून त्यांनी लिहायला सुरुवात केली. वर्षभरात लोक वाडीतली किडकी पानं घेऊन त्यांच्या ओसरीवर यायला लागले आणि जाताना पुस्तक मागायला लागले. चहा करून करून बाई वैतागल्या. मला म्हणाल्या, "तुमच्यामुळं हे झालं." मी म्हटलं, माझ्या आयेमुळं.

पण मी सांगत होते धक्क्याचं. फळी जळाली त्याच्या पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. पुनवेनंतरची तीज होती. वरच्या वाडीतली ती म्हातारी आठवते ना, जिच्या खाचरावरनं पुतण्याशी कज्जा चालला होता? सकाळी उन्हं वर यायच्या आत चालत चालत धक्क्यावर पोहोचली, नातवाचं बोट धरून. अलिबागला कोर्टात तिची तारीख होती. आणि खाडीत चिखल. तांडेलानं हात हलवले. पाणी चढायला दुपार होणार होती. म्हातारी तिथंच बसली, आणि पलीकडची एस.टी. धूळ उडवत निघून गेलेली तिनं बघितली. तू भाकरी घेऊन गेलीस तर तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, "माजी तारीख गेली ग बाय. आता ते म्हनतील म्हातारी आलीच न्हाय."

तू परत येऊन चुलीपुढं बसलीस आणि ती भाकरी टोपलीत परत ठेवलीस. मग म्हणालीस, "तांडेलाला ठाव व्हतं, आज तीज हाय, सकाळची तर लागनार न्हाय. कोर्टाला तारीख ठाव व्हती. पन कोर्टाला तिथ ठाव न्हाय आनि तांडेलाला तारीख ठाव न्हाय. दोघांच्या मधी कोनीच न्हाय." आणि माझ्याकडं बघितलंस. "तुला दोनी येतं ना? मंग हे लिव."

अशी ती चिठ्ठी निघाली, आये. वाण्याच्या दुकानात भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर तारीखही होती आणि तिथीही. मी ते उतरवून घ्यायची, मग तांडेलापुढं बसायची. तो विडी ओढत सांगायचा, अमावास्या आणि पुनव यांच्या मागची दुज, तीज, चौथ सकाळी वाईट, अष्टमीला भांगाचं पाणी, तेव्हा तितका चिखल उघडा पडत नाही, असं सगळं. त्याची तिथी आणि कोर्टाची तारीख मी शेजारी शेजारी मांडायची. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, पोस्टमास्तरांनी टाकून दिलेला कार्बन, आणि माझी बोटं निळी. "या महिन्यात पुढील तारखांना सकाळी तर लागणार नाही. कोर्टाचं, दवाखान्याचं काम असेल त्यानं आदल्या दिवशी दुपारी यावं." आणि अगदी खाली, "पोटाची सोय धक्क्यावर आक्काकडं." धक्क्यावर सगळे तुला आक्काच म्हणायचे. मी ती ओळ मोठी लिहिली होती. तू बोटानं चाचपून विचारलंस, ही कुठली ओळ? मी सांगितलं. म्हणालीस, "बारीक कर. लोकं पान्यासाठी वाचतील, आपल्यासाठी न्हाय." भाताच्या गिरणीवर, चावडीवर, वाण्यांच्या दारांवर, पलीकडं अलिबागच्या कोर्टात अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाच्या टेबलामागं, तांडेलानं सगळीकडं चिठ्ठ्या पोहोचवल्या. तिसऱ्या महिन्याला लोक आपणहून विचारायला लागले, "आक्काची चिठ्ठी आली का?" कुणी देवाच्या तसबिरीत खोचून ठेवायचे. लग्नाची बोलणी करायला निघालेली माणसंसुद्धा चिठ्ठी बघून निघायची. मी तर हवेतच होते. गावातल्या पोरी मला "चिठ्ठीवाली" म्हणून चिडवायच्या आणि मला ते आवडायचं.

आणि खानावळ ओस पडली! अगं, पडणारच ना! माणसं आता पाणी बघून यायला लागली. आली की तरीत बसली, गेली. धक्क्यावर कुणी थांबेचना. ज्या ओहोटीवर आपण जगत होतो ती ओहोटी कधी आहे हे आपणच गावोगाव सांगत सुटलो होतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. सातवी पास! आणि तुझ्या लक्षात आलं तेव्हा तू हसायला लागलीस. इतकी हसलीस की ठसका लागला. मला म्हणालीस, "आपन बी काय हुशार! गिऱ्हाइकाला वाट दाखवली ती जायची." पण संध्याकाळी बिरड्याचं भांडं जसंच्या तसं गाईपुढं ओतलंस तेव्हा तुझं तोंड मी बघितलं.

हॉटेलवाल्याचंही तेच झालं होतं. त्याच्या खुर्च्या रिकाम्या, आरशात त्याचा तोच. एक दिवस आला, बाकड्यावर बसला, आणि पहिल्यांदाच आपल्याकडचा चहा मागितला. माणूस गोड बोलायचा. म्हणाला, "मावशी, भांडायला नाही आलो. धंदा दोघांचाही बसला. चिठ्ठी बंद करा असं मी म्हणत नाही, नाव झालंय तुमचं. पण पोरीच्या हातून एखाद्या तारखेला थोडं इकडं-तिकडं झालं, तर कोण बोलणार आहे? समुद्राचं काय, तो कुणाचं ऐकतो? दोन तास माणसं बसतील, तुमच्याकडं भाकरी खातील, माझ्याकडं चहा पितील." मी तुझ्याकडं बघत होते. काकाचा निरोप त्याच आठवड्यात आला होता: खाचरात राब भाजायला माणसं कमी आहेत, पेरणीच्या आत वहिनीला घेऊन जातो, आता हट्ट पुरे. तू हॉटेलवाल्याच्या कपात अजून चहा ओतलास आणि म्हणालीस, "भाऊ, ती म्हातारी माझ्या अंगनात रडली. तुमच्या न्हाय. म्हनून तुमाला असं सुचतं, त्यात तुमची काय चूक." तो खाली मान घालून चहा प्यायला आणि गेला.

तो गेल्यावर मी तुझ्याशी भांडले. म्हटलं, खोटं नको लिहू, पण निदान चिठ्ठी तरी बंद करू. आपण काय सरकार आहोत का लोकांना पाणी सांगायला? आपलं पोट चिठ्ठीनं मारलंय आये, तुझं आपलं भलतंच! तू लाकडं चुलीत पुढं सारलीस. मग वैशाखात, तांदूळ आणायलाही पैसे उरले नाहीत आणि आता काकाकडं जायचंच असं ठरल्यावर, तू म्हणालीस, "म्हयन्याची चिठ्ठी लिव." मी म्हटलं, आता कशाला? "आपन असू नसू, लोकांच्या तारखा तर असतील. आनि खालची ती ओळ नको घालू. कोनी भरवशावर उपाशी यायचं आनि हितं चूल न्हाय." मी लिहिली. खालची ओळ नाही, तुझं नाव नाही. ती जागा कोरी. तांडेल नेहमीसारख्या चिठ्ठ्या घेऊन गेला.

काकाची गाडी आली तो दिवस मला उन्हासकट आठवतो. दुपार चढत होती, पाणी चढत होतं. काका बैल सोडून सावलीत बसलाय. गाडीत परात, भगुली, दोन गोधड्या. तू सगळ्यात शेवटी तवा ठेवलास. चुलीतली राख तू स्वतः काढलीस आणि चूल मातीनं सारवलीस, जशी काय उद्या कुणी नवी येऊन बसणार आहे. आणि तेवढ्यात धक्क्याकडनं आवाज आला. बायकांचा. हेल काढून रडायचा.

पुढं ती म्हातारी, डोक्यावरनं पदर ओढलेला, आणि तिच्या मागं वरच्या वाडीतल्या सात-आठ बायका. एकीच्या डोक्यावर झाकलेलं भांडं. त्यांच्या मागं पुरुष, टोप्या हातात घेतलेले. पलीकडनं भरतीच्या पहिल्या तरीनं आलेली माणसं वेगळीच, अलिबागच्या कोर्टातला तो अर्ज लिहिणारा कारकून त्यात होता. मी दारात उभी. म्हाताऱ्या बाईनं मला बघितलं आणि मला पोटाशी धरून जो टाहो फोडला! "पोरकी झालीस ग माजे बाय! कशी व्हती ग तुजी आये, कशी भाकर घेऊन आलीवती माज्यापुढं, आनि मी रांड तोंड फिरवून बसली!" मला काही कळेना. मीसुद्धा रडायला लागले. आणि मागनं तू आलीस, हातात राखेचं सूप, आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलंस, "काय झालं ग? कोन गेलं?"

म्हातारीनं पदर वर केला, तुझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "तूच ना ग?"

नाव गाळलं होतं ना आपण! रेशनकार्डावरनं नाव कमी होतं ते माणूस गेल्यावरच, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. चिठ्ठी आली, अक्षर पोरीचं आणि आक्काचं नाव नाही. गिरणीवर कुणीतरी म्हणालं, आक्का गेली वाटतं. संध्याकाळपर्यंत ती बातमी चार गावांत फिरली, आणि तांडेलाला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बायकांनी पिठलं-भात करून आणला होता. आपल्या खानावळीत, आये! आपल्यासाठी! कारकुनानं केळी आणली होती आणि ती कुठं ठेवावीत ते त्याला कळत नव्हतं. रडणं ऐकून हॉटेलवालासुद्धा गाणी बंद करून येऊन उभा राहिला होता. मग कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळेच हसायला लागले, डोळे पुसत पुसत. म्हातारीनं तुझ्या पाठीत धपाटा घातला. "मेली न्हायस तर नाव कशाला गाळलंस? मानसाचा जीव घेतेस!"

तू मात्र हसत नव्हतीस. तू मातीत बसलीस. एकेकाचं तोंड बघत होतीस. यातली किती तरी माणसं कधी तुझ्या बाकड्यावर बसलीही नव्हती. मग तू उठलीस, गाडीपाशी गेलीस आणि तवा उतरवलास. काका म्हणाला, "वैनी, ऊन उतरलं की निघायचंय." तू म्हणालीस, "भाऊजी, माझ्या मर्तिकाला आलेली मानसं मी उपाशी कशी लावू?" काकानं उठून बैलांपुढं पेंढा टाकला. सारवलेल्या चुलीत तू पुन्हा लाकडं घातलीस. तिकडनं तांडेल ओरडतोय, पाणी आहे तोवर तरीत बसा. तेव्हा त्या कारकुनानं म्हटलं, "आक्का, बसायला वेळ नाही, बांधून द्या." तू केळीच्या पानात भाकरी ठेवलीस, वर सुकटीची चटणी, आणि केळीच्याच सोप्याच्या दोरीनं बांधलंस. मग दुसऱ्यानं मागितलं. मग तिसऱ्यानं. संध्याकाळी काकानं स्वतः गाडीतल्या गोधड्या उतरवून दिल्या, आणि जाताना त्यालाही तू भाकरी बांधून दिलीस. पुढच्या चिठ्ठीत खाली ओळ आली, "भाकरी बांधून मिळेल. आक्का आहे." ती ओळ तू सांगितलीस, शब्द न शब्द. पुढं कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेला आलेली माणसं आपली पानं सोडून बसायची आणि इतर गावची माणसं विचारायची, हे कुठलं? तू शेवटपर्यंत त्याच धक्क्यावर राहिलीस, दिराच्या दारात गेली नाहीस. आणि तू खरोखर गेलीस तेव्हा चिठ्ठीत ते लिहायला माझा हात धजेना, तर तांडेलानंच गावोगाव तोंडानं सांगितलं, आणि लोकांनी त्याला दोनदोनदा विचारलं, "नक्की ना?"

आता हे पत्र कुठं घालायचं, पेटी तर कुठली नाही. तशी असती तरी घातलं नसतं, कारण एक गोष्ट तुला अजून सांगायची राहिलीय आणि ती तू ऐकलीस तर तुला वाईट वाटेल. तू तवा उतरवलास तेव्हा मी गाडीच्या चाकाला धरून हमसून हमसून रडत होते. तू जवळ आलीस, राखेच्या हातानं माझं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "रडू नको ग, न्हाय जायाचं आता आपल्याला." तुला वाटलं मी आनंदानं रडतेय. मला जायचं होतं, आये. काकाच्या घरी माझ्या वयाच्या तीन पोरी होत्या, रात्री एकाच वाकळीखाली झोपायच्या, आणि मी धुरानं आणि उकडीच्या चटक्यांनी पार थकले होते. त्या घरात तुझं काय झालं असतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं, तरी मला जायचं होतं. मी नुसती मान हलवली आणि परात उतरवायला लागले.